उंदराची पावती

श्रोतेहो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. मुलांच्या गोष्टींवर बोला, असं मला सांगितलंय. त्यातही ज्या वाचून पोराच्या मनात आपला काही उद्योग करावा असं येईल, त्या गोष्टींवर. पण सुरुवात मी बोरकुटापासून करतो.

फेब्रुवारीत आमच्याकडे आनंद मेळावा झाला. पटांगणात पोरं चटया टाकून दुकानं मांडतात. कुणाची भेळ, कुणाचे आलुबोंडे, कुणाच्या आईनं पहाटे उठून केलेला चिवडा. सरपंच फीत कापतात, फोटो निघतात, गावातली माणसं पाच-दहा रुपयांचं काहीबाही घेऊन पोरांचं मन राखतात. सहावीतल्या एका पोरीनं बोरकूट आणलं होतं. पाच रुपयाची पुडी, अशा ३० पुड्या. संध्याकाळपर्यंत २८ खपल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांचा हिशोब घेतला. ती वही घेऊन उभी राहिली. "सर, १३५ रुपये आले. पिशव्या २० च्या. नफा ११५."

मी म्हटलं, "२८ पुड्यांचे तर १४० होतात."

"एक उधार हाय," ती खाली बघत म्हणाली.

"बरं. साखर-मीठ?"

"घरचंच."

"आणि बोरं?"

"बोरं त झाडाचीच हायेत न, सर."

"वाळवली कोणी, कुटली कोणी?"

"आजीनं. दोन रोज लागले."

"ते दोन दिवस आजी हरभरा सोंगायला गेली असती तर?"

वर्ग गप्प झाला. पोरगी ओठातल्या ओठात आकडे जुळवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मंग त मी तोट्यात हाय, सर."

मंडळी, एवढं कळायला आमच्यातल्या कित्येकांची अख्खी हयात जाते. हमीभावासाठी उत्पादनखर्च काढतात, त्यातले दोन हिशोब असे. 'ए टू' म्हणजे पदरचे पैसे गेले तेवढेच, आणि 'ए टू अधिक एफ एल' म्हणजे त्यात घरच्या माणसांची मजुरीही धरायची. सरकारच्या कागदावर ती धरतात. आमच्या घरात मात्र आईनं वेचलेल्या कापसाची मजुरी कुठल्याच वहीत कधी चढली नाही. बोरं झाडाचीच, आणि आई घरचीच.

मधल्या सुट्टीत ती पोरगी पुन्हा आली. "सर, अशी गोष्ट हाय का कपाटात? दुकानाची?"

आता आमचं कपाट म्हणजे काय, 'किशोर'चे जुने अंक, पंचतंत्र, परीकथा, थोरामोठ्यांची चरित्रं आणि कुणीकुणी भेट दिलेली पुस्तकं. त्या संध्याकाळी सगळं खाली काढून बसलो. व्यापारी सापडले, पण बहुतेक सगळे मापात मारणारे नाहीतर व्याजानं घर बुडवणारे सावकार. आमच्या भागात कर्जापायी काय काय झालंय ते तुम्हाला मी सांगायला नको, तेव्हा या चित्रात खोटं काही नाही. पण गोष्टीतल्या प्रत्येक दुकानदाराला मिशा आणि कपट असलं, की दुकान टाकावं असं पोराला वाटेल कशाला? गरीब पोरं सापडली, त्यांना शेवटी जमिनीत हंडा सापडतो किंवा राजाची मुलगी मिळते. आणि सापडली ती पातळ, चकचकीत पुस्तकं. त्यात तिसऱ्या पानावर मुलगा सकाळी पेपर टाकतो आणि बाराव्या पानावर त्याचे चार कारखाने असतात. मधल्या पानांवर नुसती जिद्द आणि चिकाटी. अरे बाबा, पहिल्या महिन्यात किती सुटले ते तर सांग! कुणी पैसे बुडवले का? पावसात पेपर भिजले तेव्हा कुणी भरून दिले? यातलं काही नाही. ही पुस्तकं वाचून पोराला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, बोरकूट कुटावंसं वाटत नाही.

आणि मग मला उंदीर आठवला.

काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यातली ही गोष्ट. ती तिथे ऐकतो तो 'बृहत्कथा'चा कर्ता गुणाढ्य, आणि ऐकतो कुठे, तर प्रतिष्ठान प्रांतातल्या एका नगरात. प्रतिष्ठान म्हणजे परंपरेनं आपलं पैठण. तेव्हा गोष्ट लांबची म्हणू नका.

एक पोरगा. जन्मायच्या आधीच बाप गेलेला, भाऊबंदांनी जमीनजुमला गिळलेला. आई लोकांकडे राबते, पण पोराला लिहायला आणि हिशोब करायला शिकवते. एक दिवस म्हणते, अमुक एक शेठ आहे, चांगल्या घरच्या गरीब पोरांना भांडवल देतो, त्याच्याकडे जा. पोरगा जातो तेव्हा शेठ दुसऱ्याच एकाला झापत असतो. "तुला मोहरा दिल्या, त्या वाढवायच्या तर दूर, होत्या तेवढ्याही राखल्या नाहीस. ज्याला अक्कल आहे तो तिथे पडलेल्या मेलेल्या उंदरावरही पैसा करील!"

पोरगा पुढे होतो. म्हणतो, मग तो उंदीरच द्या मला भांडवल म्हणून. आणि हे माझं फार आवडतं, तो तशी चिठ्ठी लिहून देतो. मेलेल्या उंदराची रीतसर पावती! शेठ हसतो आणि ती पेटीत ठेवतो.

उंदीर जातो एका वाण्याच्या मांजरीला. बदल्यात मिळतात दोन ओंजळी चणे. आता आमच्याकडचं कुठलंही भुकेलं पोर ते चणे तिथेच खाऊन मोकळं झालं असतं. हा ते दळतो, पाण्याची घागर भरतो आणि गावाबाहेर चौकात सावलीला जाऊन उभा राहतो. रानातून मोळ्या घेऊन दमलेले लाकूडतोडे येतात. हा त्यांना खायला देतो, गार पाणी देतो. त्यांच्याजवळ पैसा कुठला असणार? ते मोळीतली दोन-दोन लाकडं काढून देतात. ती लाकडं बाजारात विकून पुन्हा चणे. पुन्हा चौक. असं करत करत पैसा जमल्यावर तीन दिवस तो त्यांची सगळी लाकडं विकत घेतो. मग अचानक झड लागते, गावात लाकूड मिळेना, आणि याच्याजवळ ढीग. शेकडो पण, म्हणजे त्या काळची नाणी, मिळतात. त्यातून दुकान, दुकानातून श्रीमंती. शेवटी सोन्याचा उंदीर घडवून शेठचं कर्ज फेडतो. जातककथांमध्ये हीच गोष्ट वेगळ्या अंगानं येते. तिथे चण्याऐवजी गूळ आणि पाणी आहे, आणि लाकूडतोड्यांच्या जागी रानातून फुलं घेऊन येणारे.

मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा पहिला प्रश्न नफ्याचा आलाच नाही. एका पोरानं विचारलं, "सर, त्याले कसं समजलं का लाकूडवाल्यायले तहान लागली असन?"

म्हटलं, तुम्हीच सांगा. आपल्या गावात कुणाला, कुठे, कधी तहान लागते?

आणि काय सांगू, पाऊण तास वर्ग थांबेना. दिवाळीनंतर कापूस वेचणाऱ्या बाया, दुपारी बाराला, नाल्यापलीकडच्या वावरात, तिथे हातपंप नाही. बाजाराच्या दिवशी बसस्टॉपवर. एका पोराचा मामा गडचिरोलीकडचा, तो म्हणाला मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं रात्री उठून जातात, उन्हाच्या आत परत येतात. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरी आंबाडीची लाल बोंडं पडून असतात, त्याचं सरबत होतं. दुसरी म्हणाली, पण गार कसं ठेवशील? लगेच मडकं, ओलं गोणपाट, कडुनिंबाची सावली. माझ्या नोकरीत उद्योजकतेवर दोन-तीन प्रशिक्षणं झाली, जेवण उत्तम होतं. पण एवढं गिऱ्हाईक ओळखणं तिथे कुणी शिकवलं नव्हतं.

मग कोपऱ्यातून आवाज आला. पोरगा एरवी बोलत नाही. "सर, ते तीन दिवसाचं लाकूड भरून ठेवलं न त्यानं, ते त आपल्याकडल्या तुरीच्या व्यापाऱ्यावानीच झालं. निघते तवा सस्तीत घेते, मंग महाग इकते."

खरंच होतं. झडीचं त्याला आधी माहीत नव्हतं, असं मी म्हणून पाहिलं, पण माझंच मला पटेना. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, अजूनही नाही. तो भाग गाळून गोष्ट गोड करावी असं क्षणभर वाटलं होतं, ते केलं नाही याचं बरं वाटलं. पोरांना धंदा सांगायचा तर हा प्रश्नही त्यांच्यापुढे येऊ द्यावा.

आणखी एक उंदीर आहे, तो तर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला चिंधी सापडते. तो धोब्याकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून गोंडे लावून घेतो, आणि ढुम ढुम ढुमाक करत राजाला चिडवत फिरतो. लहानपणी आपण राजाच्या फजितीला हसलो. आता कापसाच्या मुलखात बसून पाहतो तर चिंधीची टोपी होईपर्यंत ती तीन दारं फिरून आली, हे दिसतं. आम्ही कापूस विकतो. क्विंटलभर कापसातून जिनिंगमध्ये साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल निघतं, ढेप म्हणजे पेंड निघते, आणि ती ढेप आमच्याच गाईसाठी आम्ही विकत आणतो. रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते आणि ती पुढे कुठे जाते ते आम्हाला दिसत नाही. उंदराला सगळी दारं ठाऊक होती. मी पोरांना सांगितलं, वावरापासून अंगातल्या सदऱ्यापर्यंत किती दारं लागतात ते विचारून या. कुणाचा काका जिनिंगला हमाल, कुणाची मावशी शिवणकाम करते. सात दारं निघाली. आमच्या तालुक्यात त्यातली दोन.

जाता जाता त्या सातूच्या पिठाच्या मडक्याविषयी. पंचतंत्रातला तो ब्राह्मण आडवा पडून बेत करतो: दुष्काळात पीठ विकीन, दोन बकऱ्या घेईन, त्या दर सहा महिन्यांनी वितील, मग गाई, मग म्हशी. पुढे स्वप्नातच लाथ मारतो, मडकं फुटतं, आणि आपण पोरांना तात्पर्य सांगतो की मनोरे बांधू नका. अहो, पण त्याचा हिशोब वाईट कुठे होता? दोन बकऱ्यांपासून सुरुवात केलेली घरं आमच्या गावात आहेत. बेत बरोबर होता, मडकं खाटेच्या वर टांगायला नको होतं, एवढंच. बेत करणाऱ्या पोराला हसायची आपल्याला फार घाई असते.

कुणी म्हणेल, मास्तर, शाळेतली पोरं, त्यांच्या डोक्यात आत्तापासून पैसा कशाला घालता? प्रश्न जुना आहे. १९३७ साली वर्ध्याला, इथून काही फार लांब नाही, शिक्षण परिषद भरली होती. हाताच्या उद्योगातून शिक्षण हा गांधीजींचा विचार तिथे पुढे आला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर तेव्हाही टीका झाली, पोरांना राबवून घ्याल म्हणून. ती भीती मलाही वाटते. गोष्टीचा फायदा इथेच आहे. गोष्टीत बुडालं तर कुणाची आजी उपाशी राहत नाही. म्हणून माझं लिहिणाऱ्यांना सांगणं असं, की आमच्या पोरांसाठी लिहा, पण त्यात हिशोबाचं पान घाला. उधारी घाला. ती आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळते. ऐन बाजाराच्या दिवशी आलेला अवकाळी घाला आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाचं त्या पोरानं काय केलं ते सांगा.

तोवर आमचा वर्ग स्वतःच लिहितोय. बोरकुटवालीनंही गोष्ट लिहिली. तिच्या गोष्टीतली मुलगी पुढच्या वर्षी आजीला पुडीमागे एक रुपया देते, पुडी सात रुपयाला करते, आणि गिऱ्हाईक कुरकुर करतं तेव्हा त्याला आधी चिमूटभर चाखायला देते. शेवटच्या ओळीत तिनं एक नियम घातलाय: मोठ्या माणसांना उधार द्यायचं नाही, मागायला लाज वाटते.

वाचलं आणि मेळाव्याची संध्याकाळ आठवली. सुटे नव्हते म्हणून एक पुडी मीच उचलली होती, "उद्या देतो गं" म्हणून. उद्या शाळा आहे. पाच रुपयाचं नाणं आत्ताच सदऱ्याच्या खिशात टाकून ठेवलंय.

नमस्कार.