फिलिप ग्लास: सम शोधू नका, मात्रा मोजा

मंडळी, अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास पहिल्यांदा ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: तेच तेच वाजतंय. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात अडचण जरा वेगळी आहे. इथला श्रोता मात्रा बरोबर मोजतो, पण मोजता मोजता सम, म्हणजे ताल फिरून जिथे परत येतो ती पहिली मात्रा, शोधतो, आणि ती येतच नाही.

ग्लास यांचा जन्म ३१ जानेवारी १९३७ चा, बाल्टिमोरचा. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान होतं. शिकागो विद्यापीठ, न्यूयॉर्कची ज्युलियार्ड, मग पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे कडक तालीम. १९६० च्या दशकाच्या मध्यात पंडित रविशंकर तिथे एका चित्रपटाचं संगीत करत होते. पाश्चात्त्य वादकांसाठी ते लिहून काढायचं काम ग्लास यांच्याकडे आलं. तबलावादक उस्ताद अल्लारखाँ ऐकत होते आणि आघात चुकताहेत म्हणून सारखे अडवत होते. कारण साधं आहे. पाश्चात्त्य स्वरलिपीत ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ येते आणि रेघेनंतरच्या स्वरावर वादकाचा जोर आपोआप पडतो. ग्लास यांनी शेवटी रेघाच पुसल्या. उरले दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे तुकडे, एकामागून एक.

आपले तबलजी म्हणतील, हे अर्धंच शिकणं झालं, आवर्तन, म्हणजे समेपासून समेपर्यंतचा तालाचा फेरा, कुठे गेलं? आक्षेप रास्त आहे. पण त्या अर्ध्यावरच या माणसाने पुढचं सगळं उभं केलं.

१९६८ सालची ‘वन प्लस वन’ ही रचना बघा. वाद्य म्हणजे मायक्रोफोन लावलेलं टेबल. साहित्य दोनच तुकडे. आपल्या बोलांत सांगायचं तर पहिला ‘तक धा’, दोन मात्रांचा. दुसरा नुसता ‘धा’, एका मात्रेचा. वादकाने ते नियमित अंकगणिती क्रमाने जोडत जायचे. म्हणजे, उदाहरणार्थ, ‘तक धा, धा’ झाल्या तीन मात्रा. आणखी एक ‘धा’ जोडला की चार, मग पाच. आणि तसंच मागे. हातावर वाजवून बघा. दोन चुका हमखास होतात. तुकडा लांबला की हात घाईला येतो. आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला जोर पडतो, म्हणजे पुसलेली रेघ परत आली. कायद्याच्या, म्हणजे तबल्यावरच्या ठरावीक बोलरचनेच्या, पलट्यांत आवर्तन कायम असतं आणि आतले बोल फिरतात. इथे बोल कायम, लांबी बदलते. तिहाईची, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणाऱ्या तुकड्याची, वाट बघू नका.

त्याच वर्षीच्या ‘टू पेजेस’मध्ये हेच स्वरांत आहे: मंद्र पंचम, सा, रे, कोमल ग, म. पाच स्वर. मग त्यांना पहिले चार जोडले, झाले नऊ. मग पहिले तीन, बारा. मग पहिले दोन, चौदा. सगळे वादक एकाच सुरात, खाली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) नाही. मोजणं सुटलं की हातात काहीच उरत नाही.

पोटापाण्याचं थोडक्यात. १९७६ साली ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा आविन्यों आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये गाजला, पण डोक्यावर कर्ज ठेवून गेला. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत हे गृहस्थ टॅक्सी चालवत आणि नळजोडणीची कामं करत. १९८० साली रॉटरडॅमला ‘सत्याग्रह’ आला. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यावरचा, गीतेतल्या संस्कृत श्लोकांवर गायला जाणारा. शेवटी गांधीजींची भूमिका करणारा टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) आठ स्वरांचा एकच आरोह पुन्हा पुन्हा म्हणतो. ते स्वर आपल्या भैरवी थाटाचे. ते ऐकाच.

आता पियानो वाजवणाऱ्यांसाठी. सुरुवात १९८२ च्या ‘ग्लासवर्क्स’मधल्या ‘ओपनिंग’ने करावी. उजव्या हातात मात्रेला तीन स्वर, डाव्यात दोन. मात्रेचे सहा भाग करा. उजवा हात १, ३, ५ वर, डावा १ आणि ४ वर. डाव्याचा दुसरा स्वर उजव्याच्या तिसऱ्यावर आदळला की सगळं झोके घेऊ लागतं, आणि बहुतेकांचं तिथेच बिघडतं. आधी एकेक हात वेगळा न बसवता दोन्ही हात मांडीवर एकत्र बसवा. पेडल कॉर्ड बदलताक्षणी बदला. उशीर झाला तर दोन कॉर्डांचा गिचका होतो.

पियानोसाठीचे ‘एट्यूड्स’, म्हणजे सरावाच्या रचना, वीस आहेत. त्यांतले पहिले दहा ग्लास यांनी बऱ्याच अंशी स्वतःचा हात सुधारावा म्हणून लिहिले. तेव्हा ते सोपे नाहीत हे ओघानेच आलं.

आणि एक अडचण खास आपली. पावसाळ्यात गोव्यातला पियानो दमट हवेने जड होतो. पट्ट्यांखालचं लाकूड आणि फेल्ट फुगतं, दाबलेली पट्टी वेळेवर वर येत नाही. दुसरं कुठलंही संगीत हे खपवून घेईल. ग्लास यांच्या संगीतात तोच स्वर लगेच पुन्हा लागायचा असतो, त्यामुळे स्वर गळतात आणि दोष बोटांना लागतो. आधी पट्टी तपासा. साउंडबोर्डही (तारांखालची नाद वाढवणारी लाकडी फळी) फुगून मधल्या सप्तकांचा सूर चढतो. म्हणून भर पावसात ट्यूनिंग करून घेऊ नका. कोरडी हवा आली की तो सूर उतरणारच. नोव्हेंबरात, हवा स्थिरावल्यावर ट्यूनरला बोलवा.