नवीन मेडिकल कॉलेज झालं तरी पेशंट सीपीआरलाच का येतोय?

काय मंडळी, बरं हाय न्हवं? आज मेडिकल कॉलेजवर बोलूया, कारण आपल्या कोल्हापूरच्या आजूबाजूला बघा, सातारा आणि सिंधुदुर्गला 2021-22 ला सरकारी कॉलेज सुरू झालं, रत्नागिरीला 2023-24 ला, आणि 9 ऑक्टोबर 2024 ला तर राज्यात एका दिवसात 10 कॉलेजांचं उद्घाटन झालं, जालना, हिंगोली, वाशिम, गडचिरोली वगैरे, सगळ्या मिळून 900 सीटा. पण तुम्ही दसरा चौकातनं सीपीआरच्या, म्हणजे आपल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभं रहा, थोड्या वेळात एमएच 07 ची, म्हणजे सिंधुदुर्गची ॲम्ब्युलन्स आत वळताना दिसंलच. गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट चढून आलेली. मग माणूस म्हणणारच की, अरे तिकडं कॉलेज झालंय ना, मग हिकडं कशाला?

आता ह्यातली खरी गोम सांगतो. मोठ्या सरकारी दवाखान्यात रात्री दोन वाजता तुम्हाला कोण भेटतं? मोठे डॉक्टर न्हाईत, रेसिडेंट भेटतात. म्हणजे एमबीबीएस झालेली आणि आता एमडी, एमएस करणारी पोरं. गळ्यात स्टेथो, पायात स्लीपर, एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात फोन, तिकडं सरांना रिपोर्ट वाचून दाखवतायत आणि हिकडं नातेवाईकांना रक्ताच्या बाटलीसाठी पळवतायत. सगळा रात्रीचा गाडा ह्यांच्यावर चालतो. आणि नवीन कॉलेज सुरू होतं तेव्हा बहुतेक ठिकाणी फक्त एमबीबीएसचं पहिलं वर्ष असतं, ती पोरं बारावी करून आल्यात, वर्षभर ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री वाचणार, ती काय ॲक्सिडेंटचा पेशंट घेणार? पीजीच्या, म्हणजे एमडी, एमएसच्या सीटा बहुतेक नंतरच येतात, मग ती पोरं यायची, तोवर सीरियस केस आली की चिठ्ठी ठरलेली, रेफर टू सीपीआर.

कॉलेज म्हणजे काय आडसाली ऊस न्हवं, आज लावला आणि 18 महिन्यात तोड आली. साडेचार वर्षं शिक्षण, 1 वर्ष इंटर्नशिप. 2021-22 ची पहिली बॅच पूर्ण डॉक्टर होऊन बाहेर पडायला 2027 उजाडतंय, आणि त्यातलं कोण सर्जन होणार असंल तर अजून 3 वर्षं.

दुसरा विषय मास्तरांचा, म्हणजे प्रोफेसरांचा. मेडिकल कॉलेजांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनचा 2023 चा नियम असा हाय की 100 सीटांच्या कॉलेजला कमीत कमी 85 शिक्षक लागतात, 150 ला 114. मंजूर करायला काय जातंय, जागा मंजूर होतात की, पण लहान गावात यायला कोण तयार? मग इन्स्पेक्शन आलं की दुसऱ्या कॉलेजातले लोक प्रतिनियुक्तीवर आणून बसवायचे, म्हणजे हितलं भोक बुजवायला तिथं भोक पाडायचं. आधार बायोमेट्रिक हजेरी आणली ती ह्याच्यासाठीच. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या इमारतीचे ड्रोन शॉट बघत बसू नका, किती शिक्षक कायमचे भरलेत तेवढं विचारा. आमदार साहेब भेटले तर त्यांनाबी हेच विचारा.

बेडचं पण असंच, 100 सीटांना 420 बेड आणि 150 ला 605, आणि ते नुसते लावून चालत न्हाई, 80 टक्के भरलेले पाहिजेत. एवढं दुसरं हॉस्पिटल कुठनं आणणार, म्हणून सरकार बहुतेक ठिकाणी आहे तोच सिव्हिल दवाखाना कॉलेजला जोडतं. आपल्या राजर्षी शाहू कॉलेजचं पण तेच झालं, ब्रिटिश काळातलं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, त्याचं पुढं सीपीआर झालं, आणि 2000 च्या सुमाराला कॉलेज आलं तेव्हा ते त्याला जोडलं. म्हणून तर कॉलेज शेंडा पार्कात आणि पेशंट गावात. आता शेंडा पार्कातच 1100 बेडचं मोठं हॉस्पिटल करायचं ठरलंय, तेव्हा बघू.

आणि हां, ज्यांना वाटतंय जवळ कॉलेज झालं म्हणजे आपल्या पोरग्याला जवळच सीट मिळंल, त्यांच्यासाठी. जिल्ह्याचा असा कोटा नसतो. 15 टक्के ऑल इंडिया, बाकी 85 राज्याच्या, सगळं नीटच्या मार्कावर, आणि तो 70:30 चा विभागवार कोटा होता, 70 टक्के सीटा त्याच विभागातल्या पोरांना, तो पण 2020 ला गेला. विषय संपला.

एक गोष्ट मात्र अशी हाय जी कुठलंच सरकार मंजूर करून देऊ शकत न्हाई, ती म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकायला लागणारा देह. डिसेक्शन हॉलमध्ये गेलात तर पहिल्यांदा डोळे चुरचुरतात, फॉर्मॅलिननं, आणि एका टेबलाभोवती घोळका करून पोरं शिरा, नसा बघत असतात. जितकी कॉलेजं वाढणार तितके देह जास्ती लागणार, आणि ते येतात मुख्य म्हणजे देहदानातनं, 1949 चा ॲनाटॉमी कायदा हाय त्याखाली. फॉर्म कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात मिळतो, घरच्यांच्या सह्या लागतात. ॲक्सिडेंट वगैरे होऊन पोस्टमॉर्टेम झालं असंल तर देह घेत न्हाईत. आणि फॉर्म भरला म्हणून कॉलेजवाले आपणहून येत न्हाईत, माणूस गेल्यावर काही तासांच्या आत घरच्यांनीच फोन करायचा असतो, डॉक्टरनं दिलेला मृत्यूचा दाखला हातात घेऊन, तेव्हा हे घरात आधीच बोलून ठेवा, नंतर पाव्हण्यांच्या गर्दीत कुणाला सुचत न्हाई.