पुढची पुडी कधी?

नमस्कार श्रोतेहो.

कुडाळच्या बाजूला एका बाजारपेठेच्या गावात माझा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. पेशंट आत येतो, खुर्चीत टेकतो, छत्री कुठे ठेवू म्हणून विचारतो आणि मग पहिलं वाक्य बोलतो. ते दोनांपैकी एक असतं. "डॉक्टरानु, गुण इलो हा, आता गोळये वाडवा." किंवा, "काय फरक नाय, गोळये वाडवा." बरं वाटलं तरी वाढवा, नाही वाटलं तरी वाढवा! आज मी बोलणार आहे ते औषध कसं निवडतात याबद्दल, आणि त्याहून जास्त, ते परत कधी द्यायचं आणि कधी हात आवरायचा याबद्दल. निवडीवर आमच्याकडे पुस्तकांची कपाटं भरलेली आहेत. हात आवरणं मात्र मला पहिली दहा वर्षं जमलं नाही.

आधी निवड. आषाढातली लावणी डोळ्यांसमोर आणा. दिवसभर चिखलात वाकून तरवा लावला आणि संध्याकाळी दोघी जावांची कंबर धरली. दुकानात गेल्या तर दोघींना एकच मलम मिळेल. माझ्याकडे आल्या तर मी विचारतो, कधी दुखतं, कशानं दुखतं, कशानं बरं वाटतं. थोरली म्हणते, सकाळी चटईवरून उठताना जीव जातो, पहिली चार पावलं आई गं म्हणत टाकते, मग मागीलदारी दोन खेपा झाल्या की मोकळं वाटतं. रात्री एका कुशीवर पडवत नाही, पाऊस लागला की जास्त. धाकटी म्हणते, हलले की कळ येते, खोकले तरी येते, दुखतं त्याच कुशीवर दाबून निपचित पडून राहिले की बरं. पाणी फारसं लागत नाही, पण लागलं की तांब्याभर. आमच्या मटेरिया मेडिकात, म्हणजे औषधांच्या वर्णनाच्या ग्रंथात, पहिलीचं वर्णन रस टॉक्सशी जुळतं, दुसरीचं ब्रायोनियाशी. आजाराचं नाव एकच, औषधं दोन.

आणि तिसरी एखादी आली, जिची कंबर दुखता दुखता पाय बधिर झालाय, लघवी अडकलीय, तर तिथे मी काहीच निवडत बसत नाही. रिक्षा बोलावतो आणि मोठ्या दवाखान्यात पाठवतो, त्याच दिवशी.

होमिओपॅथीचा जनक हानेमान याने 'ऑर्गेनन' या ग्रंथाच्या १५३व्या सूत्रात हेच सांगितलंय, की लक्षणांतलं जे ठळक, वेगळं, चारचौघांत न आढळणारं असेल त्यावर नजर ठेवा. डोकं दुखतं, भूक नाही, गळून गेल्यासारखं वाटतं, हे शंभरातले नव्वद जण सांगतात. त्यावरून निवडायचं म्हटलं तर अर्धं पुस्तक पुढ्यात येतं. आता संगणकावर रेपर्टरी आहे, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायची सूची. चार लक्षणं टाकली की औषधांची यादी गुणांसकट समोर. तरुण डॉक्टर त्यातलं पहिलं नाव उचलतात. मी त्यांना सांगतो, बाबांनो, ते यंत्र बेरीज करतंय. पेशंट बोलताना तुमच्याकडे बघत होता की बायकोकडे, हे त्याला दिसलेलं नाही.

पोटेन्सीबद्दल, म्हणजे औषध किती वेळा विरळ केलंय त्या आकड्याबद्दल, लोक फार विचारतात, तीस द्यायची की दोनशे. थोडक्यात सांगतो. तीस म्हणजे मूळ अर्काचा एक भाग आणि नव्व्याण्णव भाग मद्यार्क, जोरात हलवायचा, त्यातला पुन्हा एक भाग घ्यायचा, असं तीस वेळा. हिशेब केला तर एकावर साठ शून्यं इतकं ते विरळ होतं. रसायनशास्त्र सांगतं की बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. म्हणजे तीसच्या बाटलीत तो मूळ पदार्थ उरलेला नसतो. हे मी मुद्दाम रेडिओवर सांगतोय, कारण हे लपवून ठेवणारा डॉक्टर मला आवडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यासांचे आढावे तपासून निष्कर्ष काढला, की कोणत्याही आजारावर होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. माझ्या व्यवसायातले अनेक जण यावर चिडतात. मी चिडत नाही. मला त्यातून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: ज्या आजारात उशीर झाला तर माणूस जातो, तिथे माझ्या बाटलीवर विसंबून राहायचा हक्क ना मला आहे, ना तुम्हाला.

आता मुद्द्याची गोष्ट, दुसरी मात्रा.

हानेमानचं याबाबत आयुष्यभर एक मत नव्हतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. १७५५ साली माइसेनला जन्मलेला हा माणूस १८४३ साली पॅरिसमध्ये वारला, आणि शेवटपर्यंत स्वतःचंच पुस्तक खोडत राहिला. 'ऑर्गेनन'ची पहिली आवृत्ती १८१०ची. एक मात्रा द्या आणि तिचं काम संपेपर्यंत थांबा, ही त्याची जुनी शिकवण. मग पाचव्या आवृत्तीत, १८३३ साली, ती थोडी सैल झाली. आणि सहाव्या आवृत्तीत, जी त्याने मरणाआधी वर्षभर पूर्ण केली, त्यात तर तो म्हणतो, औषध पाण्यात विरघळवा, प्रत्येक वेळी बाटली हलवून मगच चमचा घ्या, म्हणजे आधीची आणि आताची मात्रा तंतोतंत एकसारखी राहणार नाही. अशा रीतीने जुनाट आजारातही रोज किंवा दिवसाआड देता येईल. यासाठी त्याने एकास पन्नास हजार अशी नवी पोटेन्सीही बसवली.

पण ती आवृत्ती छापली गेली कधी? १९२१ साली. तोवर लेखक जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली होती. आणि ज्याच्या रेपर्टरीवर आम्ही सगळे शिकलो, तो अमेरिकेतला जेम्स टायलर केंट १९१६ सालीच गेला होता. म्हणजे केंटने शिकवलेली उंच पोटेन्सी, एक मात्रा आणि लांबलचक वाट पाहणं, ही सगळी परंपरा गुरूचं शेवटचं मत न वाचता उभी राहिली. भारतातल्या कॉलेजांमध्ये अजूनही दोन्ही मतांचे लोक एकमेकांकडे तिरपे बघतात. मला मजा वाटते. घरात वडिलांचं मृत्युपत्र उशिरा सापडावं आणि तोवर भावांनी वाटण्या करून कुंपणं घातलेली असावीत, तसं झालंय हे.

मी स्वतः काय करतो? आठवडाभराच्या तापाखोकल्यात पाण्यातली मात्रा, दर दोन-तीन तासांनी, तीन-चार वेळा. मग थांबायचं आणि बघायचं. उतार पडतोय तर औषध बंद. उतार पडून परत अडखळला, आणि लक्षणं तीच असली, तर तेच औषध पुन्हा. लक्षणांचा चेहरा बदलला, म्हणजे काल तहान होती ती आज नाही, काल तळमळत होता तो आज गुंगीत आहे, तर आधी पेशंटला नव्याने तपासायचं. औषधाचा विचार नंतर. आणि चार मात्रांत काहीच हललं नाही, तर पाचवी देऊन हलणार नाही. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. निवड चुकली असेल तर चुकलेलंच औषध जास्त वेळा घेऊन बरोबर होत नाही.

जुनाट आजारात गोष्ट अवघड होते, कारण तिथे गुण यायला वेळ लागतो आणि माणूस धीर सोडतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ इसबासाठी यायचे. पायाला खाज, रात्री रक्त येईपर्यंत खाजवणं. पहिल्या मात्रेनंतर तीन आठवड्यांत बरीच शांत झाली. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण ते म्हणाले, अजून थोडी आहे, डॉक्टर, रोजचं द्या ना. दिलं. मग पोटेन्सी वाढवली. मग औषध बदललं. मग आधीचं परत आणलं. सहा महिन्यांनी त्यांच्या केसपेपरवर अकरा नोंदी होत्या आणि खाज पहिल्या दिवशीसारखीच. कशाने बरं वाटलं होतं, कशाने बिघडलं, की पावसाळा सरल्यावर इसब आपोआपच ओसरलं होतं, यातलं काहीही मला त्या कागदावरून सांगता येत नव्हतं. त्या कागदाची आजही लाज वाटते.

सर्दी आठवड्यात आपोआप जाते. कंबर धरलेली माणसं पंधरवड्यात बरीचशी सुटतात. माणूस दवाखान्यात येतो तोच त्रास शिगेला पोचल्यावर, त्यामुळे पुढे उतार पडणं स्वाभाविकच असतं. रोज औषध देत राहिलं तर ते सगळं श्रेय गोळीच्या खात्यात जमा होतं आणि डॉक्टरला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. थांबलं की निदान कळायची शक्यता तरी उरते.

आता एका शब्दाबद्दल. अग्रॅव्हेशन. आमच्याकडे मानतात की औषध बरोबर लागू पडलं तर सुरुवातीला त्रास थोडा उफाळून येतो, मग ओसरतो. हा शब्द पेशंटलाही पाठ झालाय. "डॉक्टर, वाढलंय, म्हणजे लागू पडतंय ना?" या शब्दाआड आमच्या किती चुका लपल्या असतील देव जाणे. माझी एक सांगतो. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, ताप, अंग ठणकतंय. औषध दिलं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. मी म्हटलं, थोडं उफाळेल, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता, पण पोरगं गार पडलेलं, अस्वस्थ, लघवी सकाळपासून नाही. डेंग्यू होता. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि तरीही मी एक दिवस घालवला. सलाइन लागलं, आठवड्याने मुलगा घरी आला, आता कॉलेजात आहे. त्याच्या आईने मला कधी बोल लावला नाही, ते जास्त लागतं.

तेव्हापासून माझा नियम आहे. त्रास वाढला तर आधी आजार वाढला असं समजायचं. तपासायचं, गरज असेल तर रक्त तपासायला पाठवायचं. ते सगळं नीट निघालं तर मग अग्रॅव्हेशन वगैरे बोलू. आणि तुम्हाला सांगतो, ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गुंगी, यातलं काहीही असेल तर माझ्याकडे येऊ नका, सरळ सरकारी रुग्णालयात जा. मधुमेहाचं इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, फिटचं औषध, दम्याचा पंप, टीबीचा कोर्स, हे कुणाच्याही सांगण्यावरून, माझ्यासुद्धा, बंद करू नका.

घरच्या बाटल्यांबद्दल दोन शब्द. दुकानातून एक ड्रामची बाटली आणून सहा महिने रोज चार गोळ्या घेणारे पुष्कळ आहेत. कशासाठी सुरू केलं होतं, विचारलं तर आठवत नाही. बाटलीवर नाव, पोटेन्सी आणि घेतल्याची तारीख लिहीत जा. आणि मदर टिंक्चरची बाटली गोळ्यांच्या शेजारी ठेवू नका. तीस-दोनशेच्या गोळ्यांचा डबा पोराने खाल्ला तर साखर खाल्ली. टिंक्चरमध्ये खरा अर्क आणि भरपूर मद्यार्क असतो, तो वेगळा प्रकार.

आता एक कबुली. थांबायचं असतं पण पेशंट रिकाम्या हाताने जायला तयार नसतो, म्हणून आम्ही नुसत्या दूधसाखरेच्या पुड्या देतो. आमच्या भाषेत सॅक लॅक. हानेमानही द्यायचा. मीही बरीच वर्षं न सांगता दिल्या. आता देत नाही. सरळ सांगतो, आज औषध नाही, पंधरा दिवसांनी या. काही जण नाराज होतात, काही जण दुसरीकडे जातात. तपासणीचे पैसे घेतो ना, मग पुडी का नाही, असंही विचारतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे, जुनी अर्धशिशी. पहिल्या भेटीत मी त्यांना म्हटलं, दुखलं त्या दिवशी घरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुली मारा, किती वेळ टिकलं ते लिहा, दुसरं काही नको. पुढच्या वेळी ते कॅलेंडरच भिंतीवरून काढून, गुंडाळी करून, एसटीतून घेऊन आले. पहिल्या महिन्यात नऊ फुल्या, दुसऱ्यात पाच. मी पुडी बांधायला घेतली. सवयच. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "पाच होतायत ना? मग हे कशाला?"

मी कागद परत खणात ठेवला. ते कॅलेंडर गुंडाळून काखेत मारून गेले, आणि जाताना बाकावर बसलेल्या चौघांना सांगून गेले, की आज डॉक्टरांनी काही दिलेलं नाही, तुम्हीही आशा ठेवू नका.

नमस्कार.