वसाहतीचं मैलापाणी आणि काळ्या मातीचा बांध

[दृश्य: इंदूरच्या वेशीबाहेरची वसाहत. मागे तळं, त्याभोवती मातीचा बांध.]

ड्रेनेजची मोठी लाइन जिथे पोहोचली नाही, तिथे वसाहतीला मैलापाण्याची सोय स्वतःच करावी लागते. वस्ती दोन हजारांची धरू. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के वापरून बाहेर पडतं, म्हणजे दिवसाला २१६ घनमीटर. ते दहा दिवस थांबवायचं तर तळ्यात २,१६० घनमीटर पाणी कायम उभं राहतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रारी येतात त्या वासाच्या आणि डासांच्या. बांधाचा विषय निघतच नाही.

२०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना. तीन मीटरचा बांध त्यात बसत नाही. त्यामुळे तपासणी वसाहतीनेच करायची.

[दृश्य: बांधाचा आतला उतार, पाण्याच्या रेषेवरचा भेगाळलेला पट्टा.]

माळव्याची काळी माती पाणी उत्तम अडवते, म्हणून ती बांधाच्या पोटात हवी. बाहेरून मुरुमाचं जाड आवरण हवं. खर्च वाचवायला सगळा बांध काळ्या मातीचाच केला, की उन्हाळ्यात ती आकसते. पाण्याखालचा भाग ओला राहतो, पण माथ्याजवळचा, फ्रीबोर्ड म्हणजे पाण्याच्या वर कोरडा राखलेला अर्धा-एक मीटरचा पट्टा तडकतो. पावसाचं पाणी चेंबरमधून तळ्यात शिरतं, पातळी चढते, आणि पाणी पहिल्यांदा टेकतं ते नेमकं या भेगांना. कागदावर फ्रीबोर्ड असतो, प्रत्यक्षात चाळण.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हे काम काढावं. भेगांत नुसती वाळू ओतू नये, ती पाण्याला वाटच करून देते. भेगेची खोली संपेपर्यंत चर खणा, माती ओलसर करून १५-१५ सेंटीमीटरच्या थरांनी धुम्मसा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, वर मुरूम द्या. बांधातून जाणाऱ्या पाइपाच्या पोटाखाली धुम्मस पोहोचत नाही. तिथली माती सैल राहते आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. घुशीची बिळं आणि बांधावर उगवलेलं पिंपळाचं रोप, दोन्ही लहान असतानाच काढायची.

[दृश्य: बाहेरचा पायथा. काचेच्या बाटलीत भरलेलं पाझराचं पाणी.]

पायथ्याशी थोडा पाझर असतोच. बघायचं ते दोनच गोष्टी: बादली पूर्वीपेक्षा लवकर भरते का, आणि बाटलीच्या तळाशी माती बसते का. माती आली म्हणजे बांध आतून पोखरला जातोय. धार चिखलाने बुजवू नका, ती दुसरीकडून फुटेल. तिच्यावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड रचा: पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची.

ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातलं कारम धरण गळू लागलं, तेव्हा १८ गावं हलवावी लागली आणि बाजूने कालवा खोदून पाणी काढावं लागलं. तळ्याला पंप पुरतो, पण घाईने उपसू नये. पातळी झपाट्याने उतरली की भिजलेला आतला उतार घसरतो. दिवसाला ३० सेंटीमीटरच्या आतच उतरवा. मात्र पाणी माथ्याला लागलं असेल तर ही मर्यादा सोडून आधी पातळी खाली आणा. आणि पंप सुरू करण्यापूर्वी नाल्याकाठच्या विहिरीवाल्यांना फोन करा.