पाण्यात मासे, शेतात भात

हा दगड बघा, चौकोनी खांबासारखा, साधारण छातीएवढ्या उंचीचा, बँकॉकच्या नॅशनल म्युझियममध्ये ठेवलाय. त्यावर साल येतं १२९२ आणि मजकूर काय, तर सुखोथायमध्ये, म्हणजे थायलंडमधल्या एका जुन्या राज्यात, आबादी आबाद आहे, पाण्यात मासे आहेत, शेतात भात आहे. पुढचं तर अजून भारी, दरवाज्यावर घंटा टांगलीये, ज्याची कुणाची तक्रार असेल त्याने ती वाजवायची, राजा रामखाम्हेंग स्वतः येऊन ऐकणार. म्हणजे जहांगीर बादशहाच्या न्यायाच्या साखळीच्या तीनशे वर्षं आधी! (दगड खरंच तेवढा जुना आहे का यावर अभ्यासकांची भांडणं आहेत, ती चालू द्या.)

पण गंमत अशी की हा सगळा डोलारा एका माणसाच्या दमावर उभा होता. १२९८ च्या सुमारास राजा गेला आणि लांबलांबचे मांडलिक एकेक करून सुटले, त्यांचं इमान राजाशी होतं, गादीशी नव्हतंच. १३७८ पर्यंत सुखोथाय स्वतःच अयुथयाचं मांडलिक झालं.

अयुथया. नाव ओळखीचं वाटलं ना? आपल्या अयोध्येवरूनच आलंय. १३५१ मध्ये राजा उ थोंगने वसवलं, चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या नद्यांच्या मधोमध, म्हणजे शहर जवळपास बेटच, आणि जागा काय हेरली राव! शत्रूने वेढा घातला तरी आतल्यांनी फक्त पावसाळ्याची वाट बघायची, एकदा का आजूबाजूची भातखाचरं पाण्याखाली गेली की छावणीत चिखलच चिखल, मग शत्रू गप घरी. १५६९ मध्ये बर्मी राजाने शहर घेतलं एकदा, पण पुढे अयुथयाच्याच राजा नरेस्वानने ते सोडवलं.

१७६६ च्या पावसाळ्यात मात्र बर्मी फौज हललीच नाही. उंचवट्यावर छावण्या हलवल्या, बांध घातले, होड्या जमवल्या आणि पाणी ओसरेपर्यंत बसून राहिले. वेढा तब्बल चौदा महिने चालला, शेवटी तटाखाली भुयारं खणून आत आग लावली, तट खचला, ७ एप्रिल १७६७, शहर जळून खाक.

आज तिथल्या वाट महाथात नावाच्या देवळात ओळीने बिनडोक्याचे बुद्ध बसलेत, आणि एक डोकं मात्र झाडाच्या मुळांत अडकलंय, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्यापेक्षा वर नको म्हणून.