लष्करमधलं हस्तलिखित

[दृश्य : ग्वाल्हेर, लष्कर भाग. दौलतगंजातल्या गल्लीतून कॅमेरा एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर येतो. सतरंजी, चहाचे कप, पाच-सहा वह्या.]

ग्वाल्हेरच्या या भागाला लष्कर म्हणतात. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ इथे पडला, तो पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले. फौजेमागून कारकून आले, वैद्य आले, भिक्षुक आले, गवई आले. त्यांचे पणतू-खापरपणतू अजून इथेच आहेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शाळाही बहुतेकांची हिंदीच. त्यामुळे मराठी बोलताना कुणाचं अडत नाही, पण लिहायचं म्हटलं की हात आखडतो.

आज रविवार. जमलेल्यांत औषधाचं दुकान चालवणारे एक भाऊ आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत, गणित शिकवणाऱ्या ताई आहेत आणि नातवंडांना झोपवून धावतपळत येणाऱ्या काकू आहेत. यांतल्या कुणालाही लेखक व्हायचं नाही. निदान तसं कुणी कबूल करत नाही. सगळे मिळून वर्षाकाठी एक अंक काढतात. छापील नव्हे, हस्तलिखित.

[दृश्य : अंकाची पानं उलटणारे हात.]

जाड कागद, डावीकडे रुंद समास, कडेनं स्केचपेननं काढलेली वेल. ज्यांचं अक्षर चांगलं, त्यांनी सगळ्यांचा मजकूर उतरवून काढायचा. हे काम रेल्वेच्या काकांकडे. भोकं पाडून दोऱ्यानं बांधायचं. प्रत एकच. शाळा-कॉलेजात असा अंक ज्यांनी काढलाय त्यांना आठवत असेल, खरी मारामारी असायची ती मुखपृष्ठ कुणाचं आणि पहिली कविता कुणाची यावर. इथेही तेच चालतं. फक्त भांडणाऱ्यांचे केस पिकलेत.

मधल्या काळात या मंडळींनी लिहिलं नाही असं नाही. रजेचे अर्ज लिहिले, उत्तरपत्रिकांवर शेरे मारले, दुकानाची उधारी मांडली. काकूंच्या सासूबाईंची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६१चं मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला झालं. कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष. सासूबाई ते भाषण ऐकायला गेल्या होत्या. आयुष्यभर त्याबद्दल सांगायच्या. आणि त्यांच्या हातचं म्हणून घरात जे सापडलं, त्या सगळ्या वाणसामानाच्या याद्या.

[दृश्य : काकू वही उघडतात. पानावर खाडाखोड.]

लिहायचं का सुटतं, याला वेळ नाही हे उत्तर सगळेच देतात. ते अर्धंच खरं. वेळ मालिकांना मिळतो. दुसरं कारण म्हणजे लाल शाई. निबंधाच्या वहीत आशयाला कुणी हात लावला नाही, सगळ्या गोल खुणा वेलांट्यांभोवती. पन्नाशीच्या माणसालाही पहिली ओळ लिहिताना वाटतं, 'परिस्थिती'तली पहिली वेलांटी कुठली? खरं तर मराठी लेखनाचे आज चालतात ते नियम असे फार जुने नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२मध्ये चौदा ठरवले, १९७२मध्ये आणखी चार आले. आणि त्याच नियमांनी कवीला वृत्त सांभाळण्यासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूटही दिलेली आहे. ताईंनी हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. आता इथे वेलांट्या शेवटी तपासतात, काका उतरवून काढायला बसतात तेव्हा. आधी कुणी वेलांट्यांचं नाव काढलं तर त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

उशीर झाला, ही दुसरी भीती. तिला उत्तर याच शहरात आहे. भास्कर रामचंद्र तांबे इथलेच, ग्वाल्हेर दरबारचे राजकवी. संस्थानी नोकऱ्या करता करता त्यांनी कविता लिहिल्या. पहिला संग्रह १९२०मध्ये निघाला तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती, आणि तोही त्यांनी स्वतः काढला नाही. वा. गो. मायदेव यांनी कविता जमवल्या म्हणून तो निघाला. आता तांबे कुठे आणि आपण कुठे, हे ओसरीवर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या कवितांखाली छापलेलं 'लष्कर-ग्वाल्हेर' वाचलं की औषधवाले भाऊ जरा ताठ बसतात.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. सगळे माना खाली घालून लिहीत आहेत.]

बैठकीची सुरुवात नेहमी एका खेळानं. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर 'सुचत नाही' हेच लिहायचं. मन सावध व्हायच्या आत हात पुढे निघून गेलेला असतो, एवढंच त्यातलं तंत्र. मागच्या अंकाच्या वेळी एका बैठकीत विषय होता, उन्हाळ्यातली संध्याकाळ.

काकूंनी आधी लिहिलं, 'ग्वाल्हेरचा उन्हाळा अत्यंत कडक असतो. अंगाची लाहीलाही होते.'

ताई म्हणाल्या, "काकू, हे पेपरात रोज येतं. तुमच्या घरी काय व्हायचं?"

काकूंनी पान उलटलं. पुढचा मजकूर त्यांच्याच शब्दांत.

'पाच वाजले की बाबा खिडक्यांच्या खसच्या टट्ट्यांवर पाणी मारायचे. मग बादली घेऊन गच्चीवर. पाणी शिंपडलं की फरशी चर्र करायची. आम्ही तिघी बहिणी अनवाणी उभ्या राहायचो, आधी पाय कोण उचलते ते बघायला. मोठ्या ताईनं कधीच उचलला नाही. तिला सोसायची सवय तेव्हापासूनच होती, हे मला आत्ता लिहिताना कळलं.'

वाचून झाल्यावर कुणी काही बोललं नाही. मग भाऊंनी तोंड उघडलंच. "शेवटचं वाक्य काढून टाका काकू. पाय उचलला नाही, तिथेच समजलं आम्हाला." काका म्हणाले, राहू दे. काकूंनी ते वाक्य खोडलं, थोड्या वेळानं वर पुन्हा लिहिलं, परत खोडलं. अर्धा तास सहा माणसं एका वाक्यावरून तावातावानं बोलत होती. कुणाला त्याचे पैसे मिळणार नव्हते की मार्क. एरवी याच घरात बिजलीचं बिल सोडून कशावर इतकी चर्चा होत नाही.

अंकात ते वाक्य आहे. आमचं मत विचाराल तर नसतं तरी चाललं असतं. पण बहीण त्यांची आहे.

[दृश्य : औषधांच्या दुकानाचं काउंटर. बिलाच्या पाठीमागे लिहिणारे भाऊ.]

वाढत्या वयाचा एक फायदा असा, की विषय शोधत फिरावं लागत नाही. विशीत विरहाची कविता लिहिताना विरह आधी कल्पावा लागायचा. भाऊंना दुकानात बसल्या बसल्या माल मिळतो. ते अलक लिहितात, म्हणजे अति लघु कथा. चार-पाच ओळींत आटोपायची. त्यांची एक ऐका.

'म्हातारा रोज यायचा. रक्तदाबाची एकच गोळी मागायचा. एक दिवस मी म्हटलं, बाबा, पूर्ण स्ट्रिप घेऊन जा, रोजची खेप वाचेल. तो म्हणाला, मग उद्या कुठे जाऊ?'

ही आधी वीस ओळींची होती. म्हाताऱ्याचा मुलगा अमेरिकेत होता, सून बोलत नव्हती, पावसात छत्री मोडली होती. महिनाभर भाऊ एकेक ओळ काढत गेले. काढण्यातही मजा असते, हे त्यांना नव्यानंच समजलंय. आता ते इतरांच्याही ओळी काढायला बघतात, त्याचा थोडा त्रास होतो.

[दृश्य : अंकाची शेवटची पानं, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत.]

अंक बांधून झाला की घरोघर फिरतो, एका घरी एक आठवडा. शेवटची पानं अभिप्रायासाठी कोरी ठेवलेली. तिथे 'छान', 'अप्रतिम', 'भावस्पर्शी' लिहायला बंदी आहे. काय आवडलं ते जागा दाखवून सांगायचं, नाही आवडलं तेही. व्हॉट्सॲपवर कविता टाकली की वाचून व्हायच्या आत अंगठे येतात. इथे अभिप्राय यायला आठवडे लागतात आणि काकू तोवर जिवाला घोर लावून बसतात. एका पानावर कुणाच्या तरी सुनेनं लिहिलंय, 'गच्चीचं वाचून मी सासूबाईंना विचारलं, तुम्ही कुठे झोपायचात? त्या तासभर बोलल्या.' खाली वेगळ्या शाईत, 'तासभर नाही, दहा मिनिटं.'

[दृश्य : ओसरी. सगळे एकदम बोलतायत.]

१९०९मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्याला दिवाळी म्हणजे मुदत. इथे मजकूर द्यायची मुदत दसऱ्याची, आणि ती कुणीच पाळत नाही. यंदाचा विषय ठरलाय 'भाडेकरू'. जुन्या वाड्यांच्या गावात त्यावर पानं कमी पडतील. टाइप करून दिलेलं चालेल का, यावर दोन तट आहेत. काकांचं म्हणणं, चालेल, पण मग उतरवून काढताना मी माझ्या मनाचं घालणार. ताईंना ते मान्य नाही. भाऊ म्हणतायत, मतदान घ्या. चहा पुन्हा ठेवलाय.