पिकअप मात्र विकतचे

हे टेबलावर जे पडलंय ना, ते सागवान आहे. जुन्या दाराची फळी होती, आता तिला गिटारचा आकार आलाय. नेक, म्हणजे जिच्यावर बोटं फिरतात ती मान, बसवून झाली, ब्रिजची, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात त्या पट्टीची, जागा ठरली, फक्त मधे पिकअपसाठी, म्हणजे तारांचा आवाज विजेत पकडणाऱ्या भागासाठी, खड्डे करायचेत आणि गेले तीन आठवडे गाडी तिथेच अडकलीय. खड्डा एकदा केला की केला, लाकूड काय परत उगवत नाही.

अशा वेळी माणूस बघतो की हे आपल्याआधी कोणी केलंय का. आणि घरी केलेल्या गिटारींमधे एक अशी आहे की तिच्यापुढे आपण सगळ्यांनी गपचूप मांडी घालून बसावं.

1963 चा ऑगस्ट. लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचं गाव. ब्रायन मे, वय 16, फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार हवी होती पण तेवढे पैसे घरात नव्हते, मात्र वडील हॅरल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार आणि प्रत्येक गोष्ट हाताने करून बघणारे, मग बापलेकांनी घरातल्या एका खोलीचं वर्कशॉप केलं आणि दोन वर्षं तिथेच खुडबुड केली. नेकचं महोगनी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून काढलं, त्याला किडीची भोकं होती ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. नेकवरचे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोला, म्हणजे दांडा दाबून सूर हलवायच्या यंत्राला, जुन्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आणि दांड्याच्या टोकाला आईचीच विणकामाची सुई. (त्या माउलीच्या किती वस्तू गायब झाल्या असतील त्यावर वेगळा व्हिडिओ होईल.) हीच ती रेड स्पेशल, जी पुढे सगळ्या जगाने क्वीन या त्याच्या रॉक बँडमधे ऐकली. हो, तेच क्वीन, ज्याचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, पण तो विषय आज नको.

तर पिकअप. पिकअप म्हणजे तरी काय, चुंबक आणि त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि कॉइलमधे इवलासा करंट तयार होतो, बस. ब्रायनने हेसुद्धा घरीच केलं, बटणासारखे गोल चुंबक घेतले आणि हाताने कॉइल गुंडाळल्या. वाजले की! पण एक गडबड झाली. चुंबक एकाआड एक उलटे होते, उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. सरळ वाजवलं तर ठीक, पण तार खेचून सूर वर न्यायचा म्हटलं की ती एका चुंबकावरून सरकून शेजारच्या उलट्या चुंबकाकडे जाते, आणि आवाज मधेच विचित्र होतो. ज्याला तार खेचल्याशिवाय चैनच पडत नाही त्याने काय करायचं?

त्याने सरळ दुकानातून आणले. बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक, तीन नग. मला या सगळ्या गोष्टीतली हीच जागा सगळ्यात आवडते, शेकोटी फोडून नेक करणारा पोरगा पिकअपपाशी हट्ट सोडतो. पण आणले आणि बसवले असंही नाही केलं. आतली कॉइल सैल असली की ती स्वतःच थरथरते, मग अँप्लिफायर मोठा केला की शिट्टी मारायला लागते, म्हणून त्याने त्या कॉइल अ‍ॅराल्डाइटने भरून घट्ट केल्या. लोक आजही हे काम करतात, फक्त बहुतेक जण मेण वापरतात, पातेल्यात पाणी आणि पाण्यात मेणाचा डबा. थेट गॅसवर ठेवू नका रे बाबांनो, मेण पेट घेतं.

आणि खरी करामत पुढेच आहे. फेंडरच्या स्ट्रॅट या गिटारमधे दोन पिकअप एकदम लावले तर ते पॅरलल, म्हणजे शेजारी शेजारी दोन वाटांनी, जोडलेले असतात. ब्रायनने तिन्ही सिरीजमधे जोडले, एकातून निघालेलं दुसऱ्यात, त्यामुळे आवाज जाड आणि जोरकस होतो. वर प्रत्येक पिकअपला दोन स्विच, एक चालू-बंदचा आणि एक फेज, म्हणजे सिग्नलची दिशा, उलटवायचा. दोन पिकअप उलट्या फेजमधे लावले की दोघांमधलं सारखं असलेलं, विशेषतः खालचं भरीव, एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरतो तो बारीक, नाकातला आवाज. म्हणजे पिकअप कोणीही विकत घेऊ शकत होतं, ही जोडणी मात्र त्या घरातली.

म्हणून मला चुंबक अल्निकोचा की सिरॅमिकचा या भांडणाचा कंटाळा येतो. फरक आहे, नाही असं नाही, पण ब्रिजजवळ तार कमी हलते म्हणून तिथे आवाज धारदार, नेककडे गोल, हा फरक कुठल्याही चुंबकापेक्षा मोठा. उंचीचंही तसंच, पिकअप तारांच्या फार जवळ नेला तर चुंबक तारेला ओढून धरतो आणि सूर डगमगतो. स्क्रू ड्रायव्हरने दोन मिनिटांत सुधारणारी गोष्ट, आणि लोक नवीन पिकअप मागवतात.

मीही मागवला होता म्हणा. स्वस्तात मिळाला, आला, तारांखाली धरून बघितला तर कडेच्या दोन्ही तारा पिकअपवरच्या चुंबकी खिळ्यांच्या बाहेर. माझ्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत 52 मिलिमीटर, पिकअपच्या खिळ्यांत 48. मोजपट्टी घरातच होती.

मग हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, का नाही? 1955 मधे गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडून घरातल्या विजेची गुणगुण मारली, आणि आमच्या बिल्डिंगमधे ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, पंख्याचा रेग्युलेटर असा सगळा ऑर्केस्ट्रा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे गुणगुण जवळजवळ खालच्या जी सुरात, गाणं जी मधे असेल तर तंबोरा फुकट. पण मला सिंगल कॉइलचा तो उघडा आवाज हवाय. आणि मधला पिकअप उलट चुंबकाचा, उलट गुंडाळलेला घेतला की शेजारच्याबरोबर लावल्यावर गुणगुण बऱ्यापैकी जाते. एकटा लावला की येणार, येऊ दे.

तर ठरलं, तीन सिंगल कॉइल, सिरीज, प्रत्येकाला फेजचा स्विच. आणि तीन खड्डे करायचेच नाहीत. पिकगार्ड, म्हणजे गिटारच्या अंगावरची प्लॅस्टिकची पाटी, तिच्याखाली एकच मोठा हौद खणायचा, गिटार बनवणारे त्याला स्विमिंग पूल म्हणतात, पिकअप पिकगार्डला लटकणार, उद्या मन बदललं तर फक्त प्लॅस्टिकची नवी पाटी कापायची. सागवान थोडं जास्त जाईल, पण तसंही ही फळी खांद्याला जडच लागत होती. पेन्सिलची रेघ मारलीय, लाकूड कोरायचा राउटर चार्जिंगला लावलाय.